खाकी वर्दीतल्या ताई आणि त्यांचे कामाचे तास



या अंकाच्या लेखाचा विषय आम्हाला आमच्याच एका चुकीने दिला आहे. ती चूक आधी सांगतो.

पालकसभेच्या वहीत नववीच्या एका मुलीच्या नावापुढे आम्ही लागोपाठ तीन वेळा ‘पालक अनुपस्थित’ असा शेरा लिहिला. वडील नोकरीसाठी बाहेरगावी असतात हे ठाऊक होते. आई का येत नाही हे मात्र कोणी विचारले नाही. चौथ्या सभेला आई आल्या त्या खाकी वर्दीतच, रात्रपाळी संपवून, घरी न जाता थेट शाळेत. त्या म्हणाल्या, “सर, पहिल्या सभेला बंदोबस्त होता. दुसऱ्या वेळी एका बाईला दवाखान्यात तपासणीला न्यायचे होते आणि ठाण्यात दुसरी लेडीज नव्हती. तिसऱ्या वेळी रात्रीची ड्यूटी दुपारी संपली.” तक्रारीचा सूर नव्हता. मुलीचे गुण पाहिले, गणिताच्या बाईंशी बोलल्या आणि पाच मिनिटांत निघाल्या, कारण संध्याकाळी पुन्हा हजर व्हायचे होते.

त्याच आठवड्यात ‘मी कोण होणार?’ या निबंधाच्या वह्या तपासायला आल्या. डॉक्टर आणि शिक्षिका यांच्या बरोबरीने ‘मी पोलीस होणार’ असे लिहिणाऱ्या मुली बऱ्याच निघाल्या. वर्दी, सलाम, मोटारसायकल, गुंडांना पकडणे असे सगळे त्या निबंधांत होते. कामाचे तास, रजा, शौचालय, लहान बाळ यांचा उल्लेख एकाही वहीत नव्हता, आणि तो असणार तरी कसा? मोठ्यांनाच याची माहिती कमी असते. म्हणून मुलींनी डोळे उघडे ठेवून हे क्षेत्र निवडावे आणि आपण सर्वांनी या ताईंचे काम समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

येथवरची वाटचाल

आपल्या देशात स्त्रिया पोलिसांत आल्या त्याला फार काळ झालेला नाही. त्रावणकोर संस्थानात १९३३ साली काही स्त्रियांना पोलिसांत घेतले गेले. स्वातंत्र्यानंतर हळूहळू सर्व राज्यांत भरती सुरू झाली. १९७२ साली किरण बेदी भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. त्यानंतर १९७३ साली केरळात कोझिकोड येथे देशातील पहिले महिला पोलीस ठाणे उघडले. १९८६ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाने ८८ वी बटालियन केवळ स्त्रियांची म्हणून उभी केली. याच दलातील शंभराहून अधिक महिला २००७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेतील लायबेरिया देशात गेल्या. केवळ स्त्रियांची अशी पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांनी प्रथमच पाठविली होती. एकामागून एक तुकड्या जात राहिल्या आणि २०१६ पर्यंत हे काम चालले. त्या काळात लायबेरियाच्या स्वतःच्या पोलीस दलातील स्त्रियांचे प्रमाण शंभरात सहावरून सतरावर गेले. आपल्या बहिणींना रस्त्यावर गस्त घालताना पाहून तिथल्या मुलींना आपणही हे करू शकतो असे वाटले, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

आपल्या गुजरातेत गीता जोहरी या १९८२ च्या तुकडीच्या पहिल्या महिला आय.पी.एस. अधिकारी. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे राज्याच्या पोलीस महासंचालकपदाचा कार्यभार आला. महाराष्ट्रात मीरां बोरवणकर २०१० साली पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या, आणि २०२४ च्या जानेवारीत रश्मी शुक्ला त्या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

ही नावे मुलींनी जरूर लक्षात ठेवावीत. पण एवढ्या नावांवरून सगळ्या दलाची कल्पना करू नये. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या पोलिसांत सुमारे दोन लाख चाळीस हजार स्त्रिया आहेत. त्यांपैकी आय.पी.एस. दर्जाच्या अधिकारी एक हजारसुद्धा नाहीत. सुमारे दोन लाख सतरा हजार स्त्रिया शिपाई आणि हवालदार या वर्गात आहेत. आपल्या शाळेत सभेला आलेल्या आई त्याच वर्गातल्या. पुढचा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

कायदा मागतो, पण माणूस कुठे?

महिला पोलिसांना इतके तास का थांबावे लागते? ठाण्याचे साहेब कडक असतील, असे आपल्याला वाटते. खरे कारण हिशोबाचे आहे.

स्त्रियांच्या रक्षणासाठी आपल्या कायद्याने काही चांगले नियम केले आहेत. पूर्वी हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिनेही ते कायम ठेवले. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच ती करायची. अत्याचार झालेल्या स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलवायचे नाही, पोलिसांनीच तिच्या घरी जायचे. याशिवाय दवाखान्यात नेणे, कोर्टात हजर करणे, हरवलेल्या मुलीला घरी पोचविणे, मोर्चातील स्त्रियांना आवरणे, नवरा-बायकोच्या भांडणात समजूत घालणे या प्रत्येक ठिकाणी ‘लेडीज पोलीस’ लागते. गुजरातेत ८ मार्च २०१५ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘१८१ अभयम’ या हेल्पलाइनच्या गाडीतही समुपदेशक ताईबरोबर एक महिला पोलीस असते.

थोडक्यात, कायद्याला जागोजागी महिला पोलीस हवी आहे. पण देशात शंभर पोलिसांमागे स्त्रिया आहेत सुमारे बारा. केंद्र सरकारने राज्यांना वारंवार लिहून कळविले आहे की हे प्रमाण तेहतीसपर्यंत न्यावे आणि प्रत्येक ठाण्यात निदान तीन महिला फौजदार व दहा महिला शिपाई असावेत. आनंदीबेन पटेल मुख्यमंत्री असताना गुजरातने पोलीस भरतीत स्त्रियांना तेहतीस टक्के जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात हे आरक्षण तीस टक्के आहे. परंतु आरक्षण नव्या भरतीला लागू होते. जुने कर्मचारी निवृत्त होऊन त्या जागा भरेपर्यंत वर्षे जातात.

आता सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. समजा एका ठाण्यात साठ कर्मचारी आहेत. बारा टक्क्यांनी त्यांत स्त्रिया आल्या सात. एक प्रसूतीच्या रजेवर, एक कोर्टात, एक संगणकावर नोंदी करायला, एक हेल्पलाइनच्या गाडीत, एक साप्ताहिक सुट्टीवर. उरल्या दोघी. दिवस आणि रात्र मिळून चोवीस तास. आता रात्री अकरा वाजता एखादी तक्रार आली आणि दिवसाची ताई घरी पोचलेली असली, तर रात्रीची ताई बाहेर पडते आणि सकाळी तिच्या जागी कोणी येईपर्यंत तिला सुटी नसते. पुरुष शिपायाच्या जागी दुसरा पुरुष शिपाई पाठविता येतो. महिलेच्या जागी पाठवायला महिलाच लागते आणि ती नसते. दुसऱ्या सभेच्या दिवशी आपल्या पालक दवाखान्यात का होत्या, हे आता कळेल.

दिवस किती तासांचा?

‘कॉमन कॉज’ आणि दिल्लीची सी.एस.डी.एस. या संस्थांनी २०१९ साली अनेक राज्यांतल्या हजारो पोलिसांना विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आढळले की पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात, आणि दर दोनांपैकी एकाला साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. हे स्त्री-पुरुष सर्वांचे झाले. स्त्रियांना घरी आल्यावर दुसरी पाळी असते. स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषध. आपल्या भागात पाणी ठरावीक वेळेला येते. त्या वेळेला घरी कोण असते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सापडली. महिलांना गस्त आणि तपास यांपेक्षा ठाण्यातले बैठे काम, रजिस्टर आणि नोंदी यांवर अधिक ठेवले जाते. बैठे काम सोपे, म्हणून ही सवलत वाटेल. पण गुन्ह्याचा तपास केल्याशिवाय अनुभव येत नाही, आणि अनुभवाशिवाय मोठी जबाबदारी कोणी देत नाही. ज्या मुलीने गुंड पकडण्याचे स्वप्न पाहून भरती दिली तिची दहा वर्षे वहीत रकाने भरण्यात जातात. ही सवलत शेवटी तिलाच महाग पडते.

शौचालयाचा प्रश्न

हा विषय शाळेच्या पत्रिकेत कसा लिहायचा असा संकोच आम्हालाही वाटला. पण न लिहिण्यानेच तो तसाच राहिला आहे. वरील अहवालात दर पाच महिला पोलिसांपैकी एकीने सांगितले की कामाच्या जागी स्त्रियांसाठी वेगळे शौचालय नाही. ही ठाण्याची गोष्ट झाली. रस्त्यावरच्या बंदोबस्ताला तर कसलीच सोय नसते.

आपल्या पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत गणपतीचे दहा दिवस म्हणजे आपला सर्वांचा मोठा आनंद. त्या दहा दिवसांत चौकाचौकांत उभ्या असलेल्या महिला पोलिसांना आपण पाहतो. सकाळी आलेली ताई मिरवणूक पुढे सरकेपर्यंत तिथेच असते. अशा वेळी बहुतेक जणी काय करतात? त्या पाणीच पीत नाहीत. उन्हात, जाड वर्दीत आणि बुटांत बारा-बारा तास पाणी न पिता उभे राहायचे. कमी पाणी पिण्याने आणि लघवी दाबून ठेवण्याने मूत्रमार्गाला संसर्ग होतो, हे कोणतेही डॉक्टर सांगतील. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात हा त्रास किती वाढत असेल, हे घरातल्या स्त्रियांना सांगायला नको.

बाळ कुठे ठेवायचे?

सरकारी नोकरीत प्रसूतीसाठी १८० दिवसांची पगारी रजा आहे. महाराष्ट्राने २०१८ साली मुलांच्या संगोपनासाठी आणखी १८० दिवसांची रजा संपूर्ण नोकरीत मिळून देण्याचे ठरविले. केंद्राच्या कर्मचारी स्त्रियांना ती ७३० दिवसांपर्यंत मिळते. कागदावर ही सोय चांगली आहे. पण रजा मंजूर होण्यासाठी मागे कोणीतरी काम करणारी हवी, म्हणजे पुन्हा तेच वरचे गणित.

२०१८ साली झाशीच्या एका ठाण्यातील छायाचित्र देशभर गाजले होते. त्यात महिला शिपाई लिहिण्याचे काम करीत होती आणि टेबलावर तिचे काही महिन्यांचे बाळ झोपले होते. छायाचित्र पाहून वरिष्ठांनी तिची बदली माहेरच्या गावाजवळ केली. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादला आले तेव्हाही आपल्या राज्यातील एक महिला शिपाई वर्षाच्या मुलाला घेऊन बंदोबस्तावर उभी होती. अशा बातम्या वाचून आपण ‘धन्य ती माता’ म्हणतो. कौतुक करावेच. पण त्या मातेला कौतुकाआधी एक पाळणाघर आणि वेळेवर सुटी मिळायला हवी होती, हेही त्याच वेळी म्हणावे.

छळाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार इतर नोकरदार स्त्रियांइतकाच महिला पोलिसांनाही आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी आणि तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री हवी. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलीने, मग ती पोलिसांत जावो की कापड मार्केटमधल्या ऑफिसात, पहिल्याच आठवड्यात ही समिती कुठे आहे ते विचारून ठेवावे.

बदल कसा होतो?

एवढे सगळे असून पोलीस आवाज का उठवीत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घातली आहेत. कारखान्यातील कामगारासारखे त्यांना संपावर जाता येत नाही. म्हणून २०२१ च्या ऑक्टोबरात गुजरातेत पगाराच्या ग्रेड-पेचा प्रश्न उठला तेव्हा पोलिसांच्या घरचे लोक, विशेषतः बायका-मुले, रस्त्यावर बसली. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पोलिसांच्या पगारासाठी साडेपाचशे कोटी रुपये जाहीर केले.

बदलाचे दुसरे उदाहरण अधिक शिकण्यासारखे आहे. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने, आहे त्याच माणसांत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसविता येतील याचा तक्ता तयार केला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो पाहिला आणि २०१६ साली देवनारलाच प्रयोग सुरू केला. तो जमला आणि हळूहळू इतर ठाण्यांत गेला. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरातील महिला पोलिसांची ड्यूटी बारा तासांऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश काढला. सण-उत्सव किंवा आणीबाणीच्या वेळी वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढविण्याची मोकळीक त्यात ठेवली होती. माणसे कमी असतील तिथे असा आदेश पाळणे कठीण जाते, हे खरे. तरीही एका शिपायाच्या कागदावरील हिशोबातून सुरुवात होऊ शकते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. गणित कुठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

भरतीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींसाठी

हे सर्व वाचून कोणी मुलीने माघार घ्यावी, हा आमचा हेतू मुळीच नाही. उलट जास्त मुली गेल्या तरच वरचे गणित सुटणार आहे. साताच्या जागी वीस जणी झाल्या की प्रत्येकीला वेळेवर घरी जाता येईल.

गुजरातेत शिपाई पदासाठी लोकरक्षक भरती होते. बारावी पास असावे लागते. मुलींना १६०० मीटर अंतर साडेनऊ मिनिटांत धावायचे असते. उंची सर्वसाधारणपणे १५५ सेंटिमीटर लागते. अनुसूचित जमातींना सवलत आहे. लेखी परीक्षा गुजरातीतून असते, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलींनी गुजरातीचा तास कंटाळवाणा समजू नये. नोकरीची पहिली पाच वर्षे ठरावीक पगारावर काढावी लागतात. तो पगार २०२३ च्या ऑक्टोबरात १९,९५० वरून २६,००० रुपये झाला. महाराष्ट्रात नातेवाइकांकडे राहून भरती देणाऱ्यांना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. पदवी घेऊन फौजदाराची परीक्षा देता येते, आणि पुढे लोकसेवा आयोगाची वाट सर्वांना खुली आहे. घरच्यांना एकच सांगणे आहे. मुलगी पहाटे धावायला जाते तेव्हा भाकरी भाजायला घरातला दुसरा कोणीतरी उठू दे.

आपण काय करू शकतो?

भरती वाढविणे सरकारचे काम. काही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

शाळेपुरते आम्ही ठरविले आहे की पालकसभेला न आलेल्या पालकांच्या नावापुढे शेरा लिहिण्याआधी कारण विचारायचे, आणि पोलीस, परिचारिका, लूम्सवर रात्रपाळी करणारे अशा पालकांना सोयीच्या वेळी भेट द्यायची. विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे की गणेशोत्सवात आणि निवडणुकीच्या दिवसांत बंदोबस्तावरील महिला पोलिसांसाठी शाळेचे तळमजल्यावरील शौचालय आणि एक खोली उघडी ठेवावी. रखवालदाराकडे किल्ली आणि दारावर एक पाटी, एवढाच खर्च आहे. आपल्या भागातील गणेश मंडळांनी मांडवाच्या परवानगीसाठी अर्ज करतानाच महिला पोलिसांना जवळच्या कोणाच्या घरी जाता येईल याची सोय ठरवून टाकावी. स्वागताचा हार नाही घातला तरी चालेल, पण एक खुर्ची, एक पाण्याचा जग आणि एका घराचे उघडे दार असावे.

त्या पालक ताईंना हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचविल्या, त्या केल्या आहेत. शेवटी आम्ही विचारले, तुमच्या मुलीने पोलिसात जावे असे वाटते का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “जावे. पण ती जाईल तोपर्यंत ठाण्यात दुसरी लेडीज असावी.”

पालकसभेच्या वहीतले ते तीन शेरे आम्ही खोडले असून त्यांच्यापुढे ‘कर्तव्यावर’ असे लिहिले आहे.